न शोधलेला नवरदेव

माझं लग्न ज्याच्याशी जवळजवळ ठरलं होतं तो माणूस कडब्याच्या गंजीमागे लपून बसला होता आणि त्याचा स्वतःचा कुत्रा त्याला शोधायला तयार नव्हता.

"शोध," मी पुन्हा म्हटलं. "सुलतान, शोध. कुठं गेले धैर्यशील?"

सुलतानने गंजीकडे पाहिलं. नाक वर केलं. वारा तिकडूनच येत होता, म्हणजे वास त्याला नक्की लागला होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, मोठी जांभई दिली आणि ओसरीच्या पायरीपाशी जाऊन अंग टाकलं.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी सांगलीत एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या आवारात कुत्र्यांचे वर्ग घ्यायचे. रविवारी सकाळी लोक आपापली कुत्री घेऊन यायचे आणि मी त्या कुत्र्यांना, त्याहून जास्त त्यांच्या मालकांना, खेळायला शिकवायचे. गोणपाटाच्या घड्यांत चपातीचे तुकडे लपवून नाकाने हुडकायला लावायचं, रस्सीखेच खेळता खेळता 'सोड' म्हटलं की सोडायला शिकवायचं, लपंडाव खेळायचा. खेळताना जे कुत्रं ऐकायला शिकतं ते एरवीही ऐकतं, एवढीच माझी विद्या. नातेवाईक त्याला 'हर्षदाची बालवाडी' म्हणत. तिशी उलटली तरी माझं लग्न होत नव्हतं, त्याचं खापरही याच बालवाडीवर फुटायचं. बिचारी कुत्री!

हे स्थळ संपतमामाने आणलं होतं. आणलं म्हणण्यापेक्षा ते त्याच्या अंगावर येऊन पडलं होतं. मामा साखर कारखान्यात कारकून आणि मुलाचे वडील आबासाहेब जगदाळे त्याच कारखान्याचे संचालक. आबासाहेबांनी आपण होऊन विचारलं. इतक्या मोठ्या घराला कारकुनाची भाची का हवी, असा प्रश्न मला पडला होता, पण मामाला पडला नव्हता. धैर्यशीलची आधीची दोन लग्नं ठरून मोडली होती, एवढंच कानावर आलं होतं. मुलगी दिसायला बरी, डोक्यावर बाप नाही, मामा आपल्या पगारावर, म्हणजे जन्मात मान वर करणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब असणार. मुलगा बोलायला गोड होता. मी हो म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर कंटाळून म्हटलं होतं.

त्या रविवारी आई, मामा आणि मी त्यांचं घर बघायला गेलो होतो. आमच्याकडे घर बघायला गेलं की मुलाची आई त्याच दिवशी मुलीची ओटी भरते. साडी, खण, नारळ पदरात पडला की ठरलं. त्यानंतर मुलीकडच्यांनी नाही म्हणायचं म्हणजे स्वतःच्या हाताने नाक कापून घ्यायचं. ओटीचं ताट देवघरात तयार होतं, हे आबासाहेबांनी आम्ही चपला काढायच्या आतच सांगून टाकलं.

बंगला कराडच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह आणि दोघांच्या आयाळीला सोनेरी रंग. रंगाऱ्याने घाईत की रागात कोण जाणे, एका सिंहाचे दातही सोनेरी करून ठेवले होते. आत संगमरवर इतका की चालताना अंगठे रोवावे लागत. दिवाणखान्यात भिंतभर आबासाहेबांचे फोटो. काहींत ते कुणाला तरी हार घालत होते, उरलेल्यांत कुणीतरी त्यांना घालत होतं.

"बसा की," आबासाहेब म्हणाले. "लाजताय कशाला? आता तुमचंच घर हाय." आणि मान न वळवता, "मालती, पाणी!"

मालतीकाकी म्हणजे धैर्यशीलची आई. आबासाहेबांचा शब्द संपायच्या आत पाण्याचा तांब्या घेऊन त्या दारात हजर झाल्या. बारीक चणीच्या, डोक्यावर पदर. पाणी दिलं, चहा दिला, पोहे दिले, आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. घरात खुर्च्यांना तोटा नव्हता, पण त्या बसल्या नाहीत आणि त्यांना बसा असं कुणी म्हटलंही नाही. शेवटी माझी आईच उठली आणि म्हणाली, "चला, मला तुमचं स्वयंपाकघर दाखवा." दोघी आत गेल्या.

"तुम्ही कुत्र्यांतल्या एक्स्पर्ट," धैर्यशील मला म्हणाला. "या, आमचा सुलतान दाखवतो. पुण्याहून खास ट्रेनर आणून ठेवला होता त्याच्यासाठी."

आम्ही मागच्या ओसरीवर आलो. समोर अंगण, पलीकडे गोठा आणि कडब्याची गंज. गड्याने साखळी सोडली आणि एक काळा डॉबरमन धैर्यशीलसमोर येऊन उभा राहिला. अंगाने तालमीतला गडी, पण शेपटी पोटाखाली.

"सिट!" धैर्यशील ओरडला.

कुत्रा बसला.

"डाऊन!"

कुत्रा पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखा खाली कोसळला.

"स्टे! रोल! अप! शेकहँड!"

इंग्रजीत ओरडलं की कुत्रा विलायती होतो आणि आपण कर्नल होतो, अशी एक समजूत आमच्या भागातल्या बंगलेवाल्यांत आहे. मामा टाळ्या वाजवत होता. कारखान्याच्या वार्षिक सभेमुळे त्याला ती सवयच लागली होती. मी मात्र कुत्र्याचे डोळे बघत होते. ते मालकाच्या उजव्या हातावर खिळलेले होते. चेहऱ्याकडे तो एकदाही बघत नव्हता.

"कसा वाटला?" धैर्यशीलने विचारलं.

"हुकूम पाळतो," मी म्हटलं.

"पाळणारच. जन्मात कधी बिस्किट दाखवलं नाही त्याला. लाडानं जनावर शेफारतं. तुमच्याकडं काय शिकवता?"

"खेळ."

"कुत्र्याला खेळ?" तो हसला.

"आमच्यात पोरांनाबी एवढं कुणी खेळवत न्हाई," आबासाहेब म्हणाले आणि मांडीवर थाप मारून हसले. ते हसले म्हणून मामाही हसला. कशाला हसलो ते त्याला घरी जाईपर्यंत कळलं नसतं.

मला राग आला होता, पण मी तो गिळला. पर्समध्ये बिस्किटाचा पुडा कायम असायचा. मी खाली बसले, एका हातात तुकडा घेतला आणि दोन्ही मुठी मिटून सुलतानपुढे धरल्या. कुठल्या मुठीत खाऊ आहे ते हुंगून सांगायचं, हा बालवाडीतला अगदी पहिला खेळ. पिल्लंसुद्धा नाक घुसवून, पंजा मारून हाताची चाळण करतात.

सुलतानने मिटलेली मूठ पाहिली आणि तो जमिनीला चिकटला. कान मागे, डोळे बारीक, अंगाला कापरं. ओसरीच्या चकचकीत फरशीवर त्याच्या पोटाखालून ओल पसरत गेली.

मी चटकन मुठी उघडल्या. बिस्किट फरशीवर ठेवलं आणि मागे सरकले. त्याने ते खाल्लं नाही. आधी त्याने धैर्यशीलच्या हाताकडे पाहिलं.

"बघितलंत?" धैर्यशील मामाला म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. "मुठीची जरब आहे. बोलायची गरजच पडत नाही."

लाज या माणसाच्या घरावरून कधी गेलीच नसावी. मला वाटलं, इथेच उठावं आणि चालू पडावं. पण मामा माझ्याकडे बघत होता. त्याच्या पोरीची बारावी त्या वर्षी होती आणि त्याची सही ज्या खुर्चीत बसून व्हायची ती खुर्ची आबासाहेबांच्या मेहेरबानीवर उभी होती. मी उठून गेले असते तर दुसऱ्या दिवशी मामा लांबच्या कुठल्यातरी वजनकाट्यावर ऊस मोजत बसला असता.

म्हणून मी गोड आवाजात म्हटलं, "जरब छान आहे. पण तुम्ही दिसला नाहीत तर तो तुम्हाला शोधेल का?"

"म्हणजे?"

"लपंडाव. मालकानं लपायचं, कुत्र्यानं शोधायचं. आमच्याकडं अगदी रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा मालकाला शोधून काढतं आणि सापडल्यावर असं नाचतं की विचारू नका. पण तुम्हाला नसेल जमायचं तर राहू द्या."

"जमायचं नाही?" धैर्यशीलने बाह्या सरसावल्या. "अर्ध्या मिनिटात येतो की नाही बघा."

आणि पांढरीशुभ्र इस्त्रीची पँट घातलेला तो बत्तीस वर्षांचा माणूस अंगण ओलांडून कडब्याच्या गंजीमागे गेला आणि खाली बसला. आबासाहेबांना मधेच फोन आला म्हणून ते मोठमोठ्याने बोलत आत गेले. मामाही मागोमाग गेला. संचालक उठला की कारकुनाने उठायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

तर असा नवरदेव गंजीमागे, आणि कुत्रा पायरीपाशी पाय पसरून.

मग गंमतच झाली. थोडा वेळ गेला, कुणी ओरडलं नाही, तसा सुलतानने डोळ्याच्या कोपऱ्यातून गंजीकडे पाहिलं आणि हळूच उठला. अंग झाडलं. शेपटी पोटाखालून बाहेर आली. फरशीवर ठेवलेलं बिस्किट त्याने खाल्लं. अंगणाच्या कडेला सोललेल्या नारळाचं सोडण पडलं होतं, ते तोंडात धरून त्याने माझ्या पायापाशी आणून टाकलं आणि मागे सरकून पुढचे पाय वाकवले. चल, खेळ! कुणीच न शिकवता कुत्र्यांना येणारी ही भाषा आहे. मी सोडण फेकलं, तो धावला. मी फेकत राहिले, तो आणत राहिला. एवढं मोठं काळं धूड, पण कान उडवत धावताना अगदी येडबंबू दिसत होतं.

"अगं बाई!" मागून आवाज आला.

मालतीकाकी आणि आई ओसरीवर येऊन उभ्या होत्या.

"हा खेळतोय व्हय?" काकी म्हणाल्या. "मी कधी बघितला न्हाई ह्याला असा. आणि धैर्यशील कुठं हाय?"

"लपलेत," मी म्हटलं. "त्या गंजीमागं. सुलताननं त्यांना शोधायचं असा खेळ आहे."

"लपलाय?" काकींना आधी खरं वाटेना. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. "आणि ह्यो शोधत न्हाई?"

"नाही."

त्या पायरीवर बसल्या. त्या घरात शिरल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहत होते. सुलतान धापा टाकत आला आणि सोडण त्यांच्या मांडीवर ठेवून पायावर डोकं टेकून पडला. त्या त्याच्या कानामागे खाजवत राहिल्या. आई शेजारी टेकली. पलीकडे गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या आणि कडब्यावर चिमण्या बसल्या होत्या. मला तर अगदी माहेरी आल्यासारखं वाटायला लागलं, शपथ!

"मीच जाऊन सांगते त्यांना, की खेळ संपला," मी म्हटलं. "किती वेळ बसतील?"

काकींनी माझा हात धरला. हात खरखरीत होता, कामाचा.

"नको शोधू, पोरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बसू दे त्याला तिकडं. तेवढंच आपणबी बसू."

आम्ही बसलो. काकींनी आईला विचारलं की सांगलीत हल्ली मेथीची जुडी केवढ्याला मिळते, आईने सांगितलं, एवढंच.

"सुलतान!" गंजीमागून आरोळी आली. "कम!"

कुत्रा ताडकन उठला. आणि त्याच क्षणी, पापणी लवायच्या आत, मालतीकाकीही उठल्या. दोघंही ताठ उभी. त्याची शेपटी पोटाखाली गेली, त्यांचा पदर डोक्यावर गेला. कुत्र्याला हाक मारली होती, त्या का उठल्या हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. मांडीवरचं सोडण घरंगळून अंगणात पडलं. ते त्यांनी घाईने उचलून पाठीमागे लपवलं.

धैर्यशील गंजीमागून आला. केसांत कडबा, गुडघ्यांना शेण, चेहरा लाल. आम्हाला बघून तो हसला. तसलं हसणं मी कुत्र्यांत पाहिलं आहे, ओठ वर जातात आणि डोळे तसेच राहतात.

"बिघडवलंत त्याला तुम्ही," तो मला म्हणाला. "एका तासात सहा महिन्यांची मेहनत गेली." मग सुलतानचा पट्टा धरून खाली वाकला आणि त्याच्या कानात, पण आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाहुणे जाऊ देत. मग बघतो तुला."

ते ऐकताना मालतीकाकी खाली बघत होत्या.

माझं ठरलं. या माणसाशी लग्न करायचं नाही. प्रश्न एवढाच होता की हे कुणाच्या जिवावर सांगायचं, कारण आतून आबासाहेबांचा आवाज आलाच, "चला, उरका! ओटी भरून घ्या. मला पाचला मिटिंग हाय. मालती, ताट आण!"

दिवाणखान्यात पाट मांडला होता. समोर रांगोळीची दोन बोटं. मामा कौतुकाने हात जोडून कोपऱ्यात उभा होता, जसा काही स्वतःचाच सत्कार होता. मी पाटाजवळ गेले आणि उभी राहिले. बसायचं नाही एवढं पक्कं होतं, पुढे तोंडातून काय बाहेर पडणार ते मलाही माहीत नव्हतं.

"बस की," आबासाहेब म्हणाले.

मी बसले नाही.

"ऐकू येत नाही का?" धैर्यशील म्हणाला. पहिल्यांदाच त्याने मला 'तुम्ही' वगळून बोललेलं वाक्य ते. पुढचं 'तू' ओठांवर तयारच दिसत होतं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मालतीकाकी ताट घेऊन दारात आल्या. साडी, खण, नारळ, तांदूळ, सगळं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आबासाहेबांकडे पाहून म्हणाल्या, "आज भरता यायची न्हाई."

"काय?"

"अवस लागली. आत्ता आत भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. तीन वाजताच लागली."

अवस म्हणजे अमावास्या. अमावास्येला ओटी भरणं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. आबासाहेबांचा चेहरा काळवंडला. कारखान्यात बॉयलर पेटवायचा तरी गुरुजींना विचारून पेटवणारा माणूस तो.

"आन हे आत्ता सांगतीस?" ते गरजले. "सगळी मांडामांड झाल्यावर? डोळे फुटले होते काय सकाळी? दिवस कुणी काढला ह्यो?"

काकी खाली मान घालून उभ्या राहिल्या. ताट मात्र त्यांनी खाली ठेवलं नाही.

"मी काढला," माझी आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी तर जास्तच. आईच्या हातून तिथी चुकणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. आमच्या गल्लीतल्या बायका कॅलेंडर न बघता तिला विचारायच्या.

"माझंच चुकलं," आई म्हणाली. "पान उलटताना गफलत झाली. ताईंना बोलू नका. पण अवसेला ओटी नको बाई, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. पुढं बघू."

आबासाहेब काहीतरी पुटपुटले, घड्याळ बघितलं आणि मिटिंगला निघून गेले. बायकांच्या मूर्खपणावर यापेक्षा जास्त वेळ घालवायला त्यांना फुरसत नव्हती. धैर्यशील आम्हाला सोडायला बाहेर आला नाही. तो सुलतानला साखळी घालत होता.

मामाच्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो. मामाचं डोकं फिरलं होतं.

"अक्का, तुला कळतं का काय केलंस? चार लोकांत मान खाली घालायला लावलीस. एवढी मोठी माणसं, आणि तू अवसेचा दिवस काढून देतेस?"

आई मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली होती. दिवस मावळला होता. उसाच्या शेतांवर चांगला टपोरा चंद्र आला होता आणि गाडीच्या काचेतून सरळ मामाच्या तोंडासमोर होता, तरी त्याला दिसत नव्हता.

"संपत," आई म्हणाली, "वर बघ."

मामाने बघितलं. गाडी जरा डगमगली.

"अवसेला चंद्र?" तो म्हणाला.

"आज दशमी आहे. मी दिवस बरोबरच काढला होता. उद्या एकादशी, माझा साबुदाणा घरी भिजतोय."

"म्हणजे ती बाई खोटं बोलली? आणि तू पण?"

"तुझी भाची सोडवली तिनं, गाढवा. त्यानं कुत्र्याला हाक मारली तेव्हा ती कशी उठली ते मी बघितलंय. आता आठ दिवसांनी त्यांना कळव, की अवसेचा अपशकुन झाला, बहिणीच्या मनानं घेतलंय, पुढं जायला नको म्हणते. अपशकुनावर आबासाहेब काही बोलायचे नाहीत. तुझी नोकरीपण राहील."

मामाने गाडी हळू केली आणि पुन्हा एकदा वर बघितलं. आणि खरंच तसंच झालं, त्याची नोकरी राहिली आणि माझी बालवाडीही. पण तेव्हा गाडीत बसून मला भलत्याच गोष्टीची धास्ती वाटत होती.

"आई, पण उद्या एकादशी," मी म्हटलं. "अवसेच्या दुसऱ्या दिवशी एकादशी कशी येईल? त्यांना कळेल की. तिचं काय होईल मग?"

"नाही कळणार. आकाशाकडं बघणारी माणसं नाहीत ती. कॅलेंडर स्वयंपाकघरात आहे, तिकडं दोघांपैकी कुणी फिरकत नाही. आत मला हसून सांगत होती, ह्या बापलेकांना ताटात खिचडी आली की मगच एकादशी कळते."

"मग उद्या खिचडी आलीच की."

आईने खिडकीबाहेर पाहिलं.

"गळ्यात माळ आहे तिच्या," ती म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून एकही एकादशी मोडलेली नाही, ते पण सांगितलं मला." मग तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. "उद्या ती भाकरी-आमटी करेल. आणि त्यांच्यादेखत खाईल."